ताईच्या हातचा डोसा, पण ताईशिवाय

कानात इयरफोन आणि हातात बसचा दांडा किंवा भांडी घासायचा स्पंज, असंच ऐकताय ना? उत्तम. आजचा भाग स्वयंपाकघरातला आहे. रेसिपी एकच आहे आणि तीही साध्या डोशाची, त्यामुळे वही-पेन नको. पण शेवटपर्यंत थांबा.

माझा धाकटा भाऊ १० वर्षांचा आहे आणि तो ऑटिस्टिक आहे. त्याचं नाव मी इथे सांगत नाही, भावड्या म्हणते. भावड्या सध्या सहा पदार्थ खातो. कुरकुरीत डोसा, मुरमुरे, खारी, केळ्याचे वेफर्स, मोहरी न घातलेल्या बटाट्याच्या काचऱ्या आणि घट्ट दही. संपली यादी. दिवाळीपर्यंत ती सातची होती. सातवं एक बिस्किट होतं. कंपनीने त्याच्यावरची नक्षी बदलली. चवीत मला तरी काही फरक कळला नाही. त्याने ते हातात फिरवून बघितलं, पाकिटात परत ठेवलं आणि त्यानंतर आजतागायत मागितलं नाही.

आता खरी अडचण ऐका. या सहामधला डोसा तो फक्त माझ्या हातचा खातो. आई नर्स आहे, तिच्या शिफ्ट असतात, त्यामुळे गेली चार वर्षं संध्याकाळचा गॅस माझ्याकडे आहे. आम्ही नाशिकला राहतो आणि जूनमध्ये मी नोकरीसाठी पुण्याला चाललेय. म्हणजे त्याचं पोट भरणारा मुख्य पदार्थ माझ्याबरोबर एसटीत बसून जाणार की काय, हा आमच्या घरातला यंदाचा सगळ्यात मोठा प्रश्न.

असं काही सांगितलं की लोक दोन वाक्यं हमखास म्हणतात. पहिलं, "नखरे आहेत." दुसरं, "भूक लागली की खाईल आपोआप." दोन्ही वाक्यं प्रेमाने येतात, पण दोन्ही चुकीची आहेत. अनेक ऑटिस्टिक मुलांना वास, आवाज, स्पर्श, पोत हे आपल्यापेक्षा खूप जास्त किंवा खूप कमी जाणवतं. डॉक्टर मंडळी वापरतात त्या डीएसएम-५ या मार्गदर्शिकेत २०१३ पासून ही गोष्ट ऑटिझमच्या लक्षणांमध्येच धरलेली आहे. त्याच वर्षी आलेल्या एका मोठ्या आढाव्यात, आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून, असं दिसलं की ऑटिस्टिक मुलांमध्ये खाण्याच्या अडचणी इतर मुलांच्या सुमारे पाचपट आढळतात. या मुलांच्या आहारात कॅल्शियम आणि प्रथिनं कमी पडतात, हेही त्यात होतं. आणि भुकेचं म्हणाल, तर काही मुलांना पोटातून येणारा 'भूक लागली' हा निरोपच नीट पोचत नाही. अशा मुलाला उपाशी ठेवलं तर तो उपाशीच राहतो.

आता आपल्या जेवणाकडे त्याच्या बाजूने बघा. पोह्यांच्या एका घासात शेंगदाणा, दुसऱ्यात मिरची, तिसऱ्यात कढीपत्ता. वरण आज पातळ, उद्या दाट. पोळी आईची जाड, आजीची पातळ. आपण याला 'घरची चव' म्हणतो. भावड्यासाठी प्रत्येक घास म्हणजे न सांगता घेतलेली परीक्षा. पाकिटातला वेफर मात्र काल होता तसाच आज असतो. तो त्याला कधी फसवत नाही. म्हणून ही मुलं बऱ्याचदा कुरकुरीत, कोरड्या, फिक्या रंगाच्या पदार्थांवर टिकून राहतात.

हे डोक्यात बसल्यावर मला वाटलं, माझ्या डोशात असं काय आहे? माझा हात ठरलेला आहे, बस. तेच डावभर पीठ, तोच तवा, तेवढाच वेळ. म्हणजे तो 'ताईचा' डोसा खात नव्हता, तो दर वेळी सारखा निघणारा डोसा खात होता. मग सारखेपणा माझ्या हातातून काढून कागदावर आणता येईल का? आणि कागद त्याच्या हातात देता येईल का?

जानेवारीपासून दर रविवारी आम्ही दोघं हे करतोय. दुपारी चारला. जेवणाची वेळ मुद्दाम टाळली, कारण तेव्हा कुकर असतो, फोडणी असते आणि "खातोस का?" विचारणारे चार जण असतात. स्वयंपाकघरात आमचा एकच नियम आहे. "खाऊन बघ" हे शब्द तिथे कोणीही उच्चारायचे नाहीत. आजीनेसुद्धा नाही. आजीला हे सगळ्यात जड गेलं.

फ्रिजवर पाच फोटो चिकटवलेत. तांदूळ, काटा, मिक्सर, तवा, ताट. आता काय आणि नंतर काय, हे त्याला दिसतं. डिजिटल वजनकाटा हे त्याचं राज्य. ४०० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम उडीद डाळ, एक चमचा मेथीदाणे. ४०१ झाले तर एक-एक दाणा उचलून तो ४०० करतो. आणि मी थांबते. एका डोशाला ७० ग्रॅम पीठ, तेही वाटीत मोजून. टायमर ३ मिनिटांचा, बटण तो दाबतो. गॅस आणि तवा मोठ्यांचा, यात तडजोड नाही.

ओलं पीठ बोटांना लागलं की त्याचा जीव जातो. म्हणून त्याच्या हातात उलथनं असतं, आणि शेजारी कोरडा नॅपकिन. मिक्सर लावायच्या आधी मी तीन आकडे मोजते, तो कान झाकतो. पण एक गंमत सांगू? तोच पोरगा खलबत्त्यात शेंगदाणे कुटतो. धाडधाड! दुसऱ्याने केलेला आवाज अंगावर येतो, स्वतः केलेला कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे माहीत असतं. कूट तो खात नाही. पण गुरुवारच्या साबुदाण्याच्या खिचडीला कूट त्याचंच, आणि आजी ते जेवताना सगळ्यांना सांगते. घरातल्या ताटात त्याचा वाटा आला, आणि त्यासाठी त्याला काही गिळावं लागलं नाही.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत. त्यांनी कामाची सोपी वाटणी करून दिली आहे. काय, केव्हा आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने ठरवायचं. आमच्याकडे याची सोय म्हणजे 'नको-वाटी'. जे नको ते तिथे टाकायचं, थुंकायचं असेल तर तिथेच. कोणी "शी" म्हणत नाही.

दुसरी एक पद्धत आहे, तिला फूड चेनिंग म्हणतात. जो पदार्थ मूल आधीच खातं, त्याच्या अगदी शेजारचा पदार्थ पुढे ठेवायचा. बदल एकच आणि छोटा. आम्ही १०० ग्रॅम उडदातली १० ग्रॅम काढून १० ग्रॅम मूगडाळ घातली. घातली कोणी? त्यानेच, काट्यावर बघून. लपवाछपवी अजिबात नाही. डोशात गुपचूप बीट किसून घालायचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. पण त्याला ते सापडलं असतं, तर बीट राहिलं बाजूला, डोसाही यादीतून गेला असता. सहाचे पाच. एवढा जुगार मला परवडत नाही.

ताटात नेहमी दोन डोसे असतात, एक जुना आणि एक मुगाचा. पहिले तीन रविवार मुगाचा डोसा ताटात आहे हे चाललं, एवढंच. मग त्याने तो तोडून बघितला. मग वास घेतला. मग ओठांना लावला. नवव्या रविवारी चावला आणि नको-वाटीत टाकला. तेराव्या रविवारी अर्धा खाल्ला. त्यानंतरच्या रविवारी परत शिवला नाही. असं आहे ते. शिडी आहे, पण तिच्यावरून खालीही येतात.

आणि आईच्या हातचा डोसा? कार्ड आईच्या हातात दिलं, काट्यावर भावड्या. पहिल्या खेपेला त्याने ताट सरकवलं. दुसऱ्या खेपेला आईने पीठ वाटीत ओतलं तेव्हा ६८ ग्रॅम झालं. तो म्हणाला, "सत्तर." आईने दोन ग्रॅम वाढवलं. तो डोसा त्याने पूर्ण खाल्ला. त्यानंतर चारपैकी दोन वेळा खाल्लाय. जूनपर्यंत चारपैकी तीन झालं तरी मी निर्धास्त बसमध्ये बसेन. आजीचा डोसा अजून नामंजूर आहे, कारण आजी काट्याला मानत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण अजून आईबाबा नसाल. पण दादा, ताई, मामा, आत्या असालच. म्हणून तीन गोष्टी सांगते. एक, तुमच्या घरातल्या मुलाची यादी आकसत चालली असेल, वजन घटत असेल, घास अडकत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा ते सारखं थकलेलं दिसत असेल, तर स्वयंपाकाचे प्रयोग नंतर, आधी बालरोगतज्ज्ञ. दातदुखी, बद्धकोष्ठता, ॲसिडिटी हीसुद्धा न खाण्याची कारणं असतात, आणि मूल ती सांगू शकतंच असं नाही. फार मोजकं खाल्ल्यामुळे तब्येतच ढासळू लागली तर त्याला एआरएफआयडी असं वैद्यकीय नावही आहे, आणि त्यावर ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ मदत करतात. भावड्याचं लोह आणि कॅल्शियम डॉक्टर बघतात, मी नाही.

दोन, लग्नात, बारशाला असं मूल डब्यातले मुरमुरे खात बसलेलं दिसलं, तर त्याच्या आईला काही विचारू नका. शेजारची खुर्ची ओढा, आपलं ताट घ्या आणि निवांत जेवा. एवढी सोबत पुरते.

तीन, तुमच्या हातचं एखादं मूल आवडीने खात असेल, तर त्याचं माप लिहून ठेवा. वाटी कोणती, तवा कोणता, मिनिटं किती, सगळं. अंदाजाने घातलेलं मीठ दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, लिहिलेलं देता येतं.

चला, मला भिजवलेले तांदूळ वाटायचेत. मिक्सरच्या आधी तीन आकडे मोजायला कोणीतरी दारात उभं आहे. भेटू पुढच्या भागात!