जोडाला दर नाही

सत्काराची शाल घडी करून बाजूला ठेवतो. गोंदियात मे महिन्यात शाल पांघरून भाषण करायचं तर आधी ॲम्ब्युलन्स सांगून ठेवावी लागेल.

संमेलनाच्या सचिवांनी पत्रात लिहिलं होतं की १ मे १९९९ला हा जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तेव्हापासून आपल्याकडच्या सांडपाण्याच्या कामांचा आढावा अध्यक्ष म्हणून मी घ्यावा. आठ तालुके आहेत. मी आमगावपासून सुरुवात केली, दीड पान लिहिलं आणि पाइपाच्या जोडावर अडकलो. बाकीचे सात तालुके तिथंच थांबले. तेव्हा आढावा होणार नाही. ज्यांना तो हवा असेल त्यांनी स्मरणिका वाचावी.

मी इंजिनिअर नाही. १९८३ साली मदतनीस म्हणून खड्ड्यात उतरलो, मिस्त्री झालो, अजून उतरतो. या बेचाळीस वर्षांत मला एकच गोष्ट सांगायची होती आणि माईक आज मिळाला आहे.

कुठल्याही गटाराच्या कामाचं अंदाजपत्रक उघडा. खोदकाम घनमीटरमध्ये आहे. बेडिंगची रेती, मुरूम घनमीटरमध्ये आहे. चेंबर नगावर आहे, त्याचं झाकणसुद्धा नगावर. आणि पाइप? पुरवणे, वाहून आणणे, उतरवणे, टाकणे, जोडणे, चाचणी घेणे, हे सगळं एका दमात आणि एका ओळीत, एकक रनिंग मीटर. त्या ओळीत जोडणे हा शब्द कुठं आहे ते बोट ठेवून शोधावं लागतं. आपल्या धंद्यात जोडाला दर नाही. ज्याला दर नाही त्याला वेळ नाही, ज्याला वेळ नाही त्याचं मोजमाप नाही, आणि मोजमाप पुस्तिकेत जे नाही ते सरकारच्या लेखी झालंच नाही. पाणी मात्र तिथूनच जातं. नळाच्या मधोमध गळताना मी आयुष्यात चार-पाचदा पाहिलं असेल. जोडात गळताना पाहिलं, त्याची गिनती नाही.

मी लागलो तेव्हा चिनी मातीचे पाइप होते. साठ सेंटिमीटरचा एक. शंभर मीटर लाइन म्हणजे दीडशेच्या वर जोड. प्रत्येक जोडात डांबरात बुडवलेलं सूत ठासायचं, मग एकास एक सिमेंट भरून पंचेचाळीस अंशांचा उतार द्यायचा, वरून ओलं पोतं टाकायचं. माझे वस्ताद एका दिवसात ठरावीक जोडच करायचे, त्याहून एक जास्त नाही. आता डीडब्ल्यूसी आला, म्हणजे दुहेरी भिंतीचा एचडीपीई पाइप, बाहेरून कंगोऱ्यांचा, आतून गुळगुळीत, सहा मीटरचा. शंभर मीटरला सोळा-सतरा जोड. मला वाटलं होतं, जोड कमी झाले म्हणजे एकेकाला जास्त वेळ मिळेल. झालं उलटं. जोड दहापट कमी झाले आणि लोकांनी ठरवलं की आता जोडण्याचं कामच उरलं नाही, रबर रिंग घातली की आपोआप होतं.

आपोआप काही होत नाही, मंडळी. दोन भिंती आहेत, मधे पोकळी आहे. कंगोऱ्यावर कापला तर पोकळी उघडी पडते आणि रिंगला बसायला जागा राहत नाही. खाचेतच कापावा लागतो, जिथं दोन्ही भिंती चिकटलेल्या असतात. रिंग टोकाजवळच्या ठरलेल्या खाचेत बसवायची, पीळ पडू द्यायचा नाही. खाचेत मातीचा एक खडा राहिला तरी तेवढ्या जागी रिंग उचलली जाते. लाइन खालच्या चेंबरपासून वर चढत न्यायची आणि सॉकेटचं तोंड चढाकडे ठेवायचं. आत किती जायचं त्याची खूण आधी करायची. हे सगळं माहीत असलेले पन्नास लोक या मंडपात आहेत. करतात किती, ते मी विचारत नाही. आपल्या माणसांची लाज काढायला मी अध्यक्ष झालो नाही.

सकाळच्या सत्रात दोन वाद झाले. पहिला वंगणाचा. एक भाऊ म्हणाले, जळकं ऑइल लावलं की पाइप सरकन जातो. जातो ना. रिंग ईपीडीएमची असेल तर तेलानं ती फुगते. तिरोडा रस्त्यावरच्या एका कामावर मी स्वतः हा शहाणपणा केला होता, पंधरा-सोळा वर्षं झाली. पुढं दुरुस्तीसाठी तोच जोड उघडला तर रिंग बोटानं दाबली की वड्याच्या पिठासारखी. त्या दिवशी हाताखाली एक मावशी होत्या. त्यांनी घमेल्यात कपड्याचा साबण किसला, पाण्यात कालवला आणि म्हणाल्या, “बांगडी घट्ट झाली तर आम्ही तेल लावत नाही, साबण लावतो.” मऊ साबणाचं वंगण वापरा हेच पाइपवाल्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, हे मला नंतर कळलं. माझ्यापुरता वाद त्या घमेल्यात मिटलेला आहे.

दुसरा वाद, ढकलायचं कशानं? तरुण ठेकेदार म्हणतात, जेसीबी उभाच आहे, बकेट लावा. सब्बल आणि लाकडी ठोकळ्यानं ढकलताना हाताला कळतं की रिंग कुठं अडली. बकेटला कळत नाही. एका शिस्तीच्या साहेबांच्या कामावर दुपारी आम्ही बकेटनं नऊ जोड मारले. वरून पाहायला फर्स्ट क्लास. चाचणीला पाणी भरलं आणि नवापैकी तीन रडले. उघडून पाहिलं तर रिंगेचा ओठ आत वळलेला. एक रिंग तर कुठं गेली ते शेवटपर्यंत सापडलं नाही. त्या साहेबांनी चाचणी घेतली म्हणून हे कळलं. बाकीच्या ठिकाणी कळतच नाही, कारण चाचणी रजिस्टरमध्ये होते.

आणि सोल्युशन! आपल्याकडे काही लोक अजून पीव्हीसीचं सोल्युशन घेऊन येतात. सायकलवाला पंक्चर काढताना ज्याला सुलोचन म्हणतो, त्याच गोतातलं. पीव्हीसी त्यात विरघळते, म्हणून चिकटते. आपला पाइप पॉलिथिलीनचा, त्याला त्याचं काहीच होत नाही. लावा, वाळवा, नखानं ओढा, पापुद्रा निघून येतो. या प्लास्टिकची कुंडलीच तशी आहे. १९३५च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या शास्त्रज्ञांनी इथिलीनवर प्रचंड दाब देण्याचा प्रयोग केला, तेव्हा यंत्राचा एक जोड गळत होता. दाब कमी झाला म्हणून त्यांनी ताजा वायू भरला, त्यातून चिमूटभर ऑक्सिजन आत गेला आणि पॉलिथिलीन तयार झालं. आपला घट्ट जातीचा एचडीपीई त्याच्यानंतरचा, १९५३मध्ये जर्मनीत त्सीग्लर यांनी कमी दाबावर केलेला. पण मूळ पुरुष गळक्या जोडातूनच आला. मला हे एका तरुण अभियंत्यानं सांगितलं, तेव्हा मी दोन दिवस हसत होतो.

आता आपल्या हवेचं बोलतो. माहितीपत्रकं थंड खोलीत बसून लिहिलेली असतात. मे महिन्यात दुपारी काळा पाइप खंदकाशेजारी पडलेला असतो, हात लावला तर चटका बसतो. तेव्हा खुणेपर्यंत आत ढकलला, समाधान झालं. सकाळी गेलो तर खूण बाहेर, दोन बोटं अंतर. चोरानं ओढला नाही. नळ रात्री गार होऊन आखडला. सहा मीटरच्या एचडीपीईला वीस-पंचवीस अंशांच्या फरकात दोन सेंटिमीटरच्या आसपास आखडायला काही लागत नाही. म्हणून मी मे महिन्यात जोड पहाटे करतो, आणि दिवसा केलाच तर नळाच्या मधल्या भागावर लगेच माती टाकतो. जोड तेवढे उघडे ठेवतो, चाचणी होईपर्यंत.

पावसाळ्यात याच्या उलट. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांध्या भरलेल्या, धुऱ्याशेजारून खंदक. रात्री पाऊस आला. सकाळी पाहतो तर आमची चाळीस मीटर लाइन पाण्यावर तरंगत होती. एचडीपीई पाण्याहून हलका आणि दोन्ही टोकं आम्ही शहाणपणानं बंद केलेली. सगळे जोड वाकडे झाले. ठेकेदार म्हणाले, पाणी उतरलं की बसेल खाली. बसली. वरून सरळ दिसली, बिलही निघालं. त्या लाइनमधून उन्हाळ्यातसुद्धा स्वच्छ पाणी वाहतं. घरांचं नाही, बांध्यांचं. आपल्याकडं जमिनीतलं पाणी वर असतं, त्यामुळं जोड बाहेर गळण्याआधी आत गळतो. पाण्याबरोबर बारीक माती आत येते, नळाभोवती पोकळी होते, वरचा रस्ता खचतो आणि सगळे रस्तेवाल्याला शिव्या देतात. आत आलेली माती तुंबते. तुंबलं की कोणालातरी खाली उतरायला सांगतात. २०१३चा कायदा सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवू नका म्हणतो. तरी सांगतात. जोड करणाऱ्यानं साबण वाचवला त्याचा हिशोब कधीकधी असा चुकता होतो. यावर मी जास्त बोलणार नाही. माझ्या ओळखीचे दोघे होते.

खरा आजार अजून सांगितलेलाच नाही. नळाला नळ जोडणं सोपं आहे. नळ जिथं चेंबरच्या भिंतीत शिरतो तिथं आपण सगळे हरतो. विटांच्या भिंतीला भोक पाडायचं, नळ घुसवायचा, भोवती सिमेंट थापायचं, वर निरू घोटायचा. छायाचित्रात छान येतं. पण सिमेंट एचडीपीईला धरत नाही. नळ आखडतो, सिमेंट जागेवर राहतं आणि भोवती केसाएवढी फट पडते. त्या केसातून अख्खी बांधी आत येते.

हे मला लहानपणीच कळायला हवं होतं. माझं गाव अर्जुनी मोरगावकडचं. गावात मामा तलाव. १९५१ला मालगुजारी गेली म्हणून माजी मालगुजारी, म्हणजेच मामा. बांधणारे कोहळी लोक. एका पावसाळ्यात पाळीतून पाणी झिरपू लागलं. लोक पाळीवर माती टाकत होते. एका कोहळी बुढ्यानं थांबवलं. म्हणाला, पाळ गळत नाही, तुडूमही गळत नाही, दोघांच्या मधून गळतं. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दगडी दार. दगड आणि माती एकमेकांना धरत नाहीत, तेव्हा मधे दोघांना धरणारं काहीतरी लागतं. त्यानं तिथली माती खोदायला लावली, चिकणमाती आणवली आणि आम्हा पोरांना त्यात नाचायला लावलं. दिवसभर. अंगठ्याच्या रेघा उमटेपर्यंत तुडवली. ते दार मी मागच्या वर्षी पाहून आलो. कोरडं आहे.

चेंबरलाही तसंच मधे धरणारं काहीतरी लागतं. चेंबरच्या भिंतीत नळाभोवती रबराचं कडं बसवून मग काँक्रीट ओतायचं, किंवा चेंबरला जोडायचा खास तुकडा वापरायचा. दोन्ही वस्तू बाजारात मिळतात. नळाचं मानक आहे, आयएस १६०९८, भाग २. रबर रिंगचं आहे, आयएस ५३८२. मानकांची कमी नाही. पण अंदाजपत्रकात त्या कड्याची ओळ नसते, म्हणून ठेकेदार ते आणत नाही, म्हणून मिस्त्रीनं ते कधी पाहिलेलं नसतं. आयटीआयमधून आलेल्या पोराला मी ते कडं दाखवून विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, काका, मिक्सरच्या भांड्याची रिंग आहे काय?

माझं मागणं छोटं आहे. जोड नगावर मोजा. आठ आण्याचा दर द्या, पण ओळ वेगळी द्या. आणि ज्यानं जोड केला त्या मिस्त्रीचं नाव पुस्तिकेत लिहा. उद्घाटनाच्या दगडावर चौदा नावं असतात, पंधरावं मावेल. पाणी भरून चाचणी होईस्तोवर जोडावर माती टाकू देऊ नका. अभियंते साहेब म्हणतील, दरसूची आमच्या हातात नाही. कोणाच्या हातात आहे ते मला बेचाळीस वर्षांत सापडलं नाही. यासाठी एक समिती करू. कोण असेल ते जेवणानंतर बघू. मिस्त्री लोकांसाठी चित्रांची पुस्तिका काढायचं तीन वर्षांपासून चाललंय, या वर्षी तरी काढू. झाडी बोलीत काढली तर बरं, म्हणजे वाचली जाईल.

दहा मिनिटं जास्त झाली, सूत्रसंचालक बाई घड्याळ दाखवतायत. मंचाच्या डाव्या बाजूला अडीचशे मिलिमीटरचे दोन तुकडे ठेवलेत, एक रिंग, साबणाचं घमेलं, सब्बल आणि ठोकळा. खालचा तुकडा तळाशी बंद केलेला आहे. उद्घाटक साहेबांनी आणि पहिल्या रांगेतल्या साहेबांनी बाह्या वर करून जोड करावा अशी विनंती आहे. साबणवाल्या मावशी दाखवतील. उभा करून पाणी भरू, मी खडूनं पातळीची खूण करतो आणि मग सगळे जेवायला जाऊ. परत येईपर्यंत त्या खुणेला कोणी हात लावू नका. आभारप्रदर्शन खूण पाहिल्यावर.