कोळंबीची पाठ



दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असं आपण म्हणतो. कोरियन माणूस म्हणतो, देवमाशांच्या झुंजीत कोळंबीची पाठ फुटते. तिसऱ्याचा लाभ झालेला त्याने फारसा पाहिलेला नाही. 1894 साली चीन आणि जपान लढले ते कोरियावर हुकमत कोणाची यासाठी, आणि त्या युद्धातली प्योंगयांगची लढाई कोरियाच्याच जमिनीवर झाली. दहा वर्षांनी जपान आणि रशिया भिडले. 1910 मध्ये जपानने अख्खा देश गिळला. 1945 मध्ये जपानी गेले, तर अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांनी अडतिसाव्या अक्षांशावर रेघ ओढून देशाचे दोन भाग केले. म्हण या सगळ्याहून जुनी आहे. होंग मानजोंग या लेखकाने 1678 साली जमवलेल्या म्हणींमध्ये ती सापडते. पुढच्या प्रत्येक पिढीला ती आपल्यासाठीच रचल्यासारखी वाटली असेल.

आज मला सांगायचं आहे ते हेच, की कोरियन म्हणींमधलं सगळ्यात खरं शहाणपण कोळंबीचं आहे. ते खालच्या माणसाचं आहे. ज्याच्या हाती सत्ता नाही, कोठारात धान्य नाही आणि तरी ज्याला उद्या सकाळी उठून चार माणसांत वावरायचं आहे, त्याचं.

ही खालची बोली कागदावर कशी आली, ती हकिगत मोठी आहे. कोरियाच्या जोसन राजवटीतल्या विद्वानांची लिहिण्याची भाषा होती अभिजात चिनी. राजा सेजोंगने 1446 मध्ये लोकांसाठी स्वतंत्र लिपी जाहीर केली, तरी पंडित पुढे कित्येक शतकं चिनीतच लिहीत राहिले. त्यांच्यापैकीच एक जोंग याकयोंग, टोपणनाव दासान. राजा जोंगजोचा हा लाडका अधिकारी. सुवोनचा किल्ला बांधताना जड दगड उचलण्यासाठी कप्प्यांचं यंत्र त्यानेच बनवलं. 1800 मध्ये राजा वारला. 1801 मध्ये ख्रिस्ती धर्माशी संबंध ठेवणाऱ्यांची धरपकड झाली आणि दासानची रवानगी दक्षिणेला गांगजिनला झाली. सरकारची खप्पामर्जी झालेल्या माणसाला घरात कोण घेणार? घेतलं एका गुत्त्याच्या म्हातारीने. तिच्या मागच्या खोलीत तो चार वर्षं राहिला आणि एकूण अठरा वर्षं हद्दपारीत काढून 1818 मध्ये घरी परतला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याचा म्हणींचा संग्रह तयार झाला. कोरियन म्हणी त्याने आठ-आठ चिनी अक्षरांत बसवल्या. त्याचा भाऊ याकजोन ह्युकसान बेटावर हद्दपारीत होता, तिथून त्याने पाठवलेल्या म्हणीही त्यात आहेत. दरबारात असताना या माणसाला दुसरे विषय होते. म्हणींकडे तो वळला तो खाली फेकला गेल्यावर. गुत्त्यात बसणाऱ्या शेतकऱ्यांचं, हमालांचं बोलणं त्या खोलीत ऐकू येत असणार, असं मला फार वाटतं.

या म्हणींमध्ये खाण्याचे पदार्थ फार. त्तोक म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला, चिवट गोळा, आपल्याकडच्या सणाच्या पक्वान्नाच्या मानाचा. तो घशात अडकतो म्हणून सोबत किमचीचं, म्हणजे आंबवलेल्या भाजीचं, आंबट पाणी पितात. म्हणून म्हण अशी: त्तोक देणाऱ्याच्या मनातही नाही, आणि हा आधीच किमचीचं पाणी पिऊन बसला! ही शेजारच्या घरात वाफ दिसली की आशा लावून बसणाऱ्याची थट्टा आहे, पण ती करणारेही त्याच आशेवर बसलेले असत. दुसऱ्याच्या हातातला त्तोक मोठा दिसतो, चित्रातला त्तोक खाता येत नाही, आणि गुमगांगसारखा देखणा डोंगरसुद्धा जेवणानंतर पाहावा. पोट रिकामं असण्याचा अनुभव या प्रत्येक म्हणीच्या तळाशी आहे. शरदातला तांदूळ वसंतात संपायचा, जव पिकायला जूनची वाट बघावी लागायची. मधल्या त्या महिन्यांना कोरियन लोक ‘जवाची खिंड’ म्हणत आणि ती खिंड चीनमधल्या थायशान पर्वताहून उंच आहे, असंही म्हणत. पाइनच्या झाडाची आतली साल खाऊन लोक ती ओलांडत. हे दूरच्या शतकातलं नाही. 1970 च्या दशकात ‘तोंगिल’ हे भरघोस पिकाचं भात शेतात आलं, तेव्हा कुठे दक्षिण कोरियात ही खिंड इतिहासात जमा झाली. आज सोलमध्ये चकचकीत काचेच्या इमारतीत बसलेल्या माणसाच्या आईने ती ओलांडलेली असू शकते.

ज्याच्याजवळ काही नाही, त्याच्याजवळ शब्द तरी असतो. बोलण्याविषयीच्या म्हणी म्हणून इतक्या आहेत. एका शब्दाने हजार न्यांगचं, म्हणजे जुन्या कोरियन नाण्यांचं, कर्ज फिटतं. जाणारा शब्द गोड असेल तर येणारा शब्द गोड असतो. दिवसाचं बोलणं पाखरं ऐकतात, रात्रीचं उंदीर. ही शेवटची म्हण मला सगळ्यात बोलकी वाटते. कागदाच्या खिडक्यांच्या, एकाला एक लागून असलेल्या घरांत गुपित टिकत नाही, आणि आपल्याविषयी काय बोललं गेलं हे वरच्याला कळलं तर निस्तरायचं खालच्यालाच. वाघाने उचलून नेलं तरी शुद्धीवर राहिलास तर वाचशील, ही म्हणही याच घरातली. वाघाला मारायचं कसं, हे ती सांगत नाही. तेवढं बळ ऐकणाऱ्याजवळ नाही, हे तिला माहीत आहे.

पण श्रोतेहो, सगळ्या म्हणी कोळंबीच्या नाहीत. काही देवमाशाच्याही आहेत. नव्या सुनेने तीन वर्षं बहिरं, तीन वर्षं मुकं, तीन वर्षं आंधळं राहावं. कोंबडी आरवली की घर बुडतं. थंड पाणी पितानासुद्धा थोरला आधी, धाकटा नंतर. हे शहाणपण ज्याने सांगितलं, त्याला स्वतःला ते पाळावं लागणार नव्हतं. म्हणून कोणतीही म्हण ऐकली की मी आधी बघतो, ती कोण कोणाला सांगतंय. ‘वरचं पाणी स्वच्छ असेल तर खालचं स्वच्छ’ हे रयतेने अंमलदाराला ऐकवलं तर त्यात धैर्य आहे. ‘पिकलेलं भात मान झुकवतं’ ही सुंदर म्हण मालकाने मजुराला ऐकवली, की तिचा चाबूक होतो. शब्द तेच राहतात.

कोरियन लोकांनी म्हणींपुढे मुकाट मान तुकवली नाही. ‘ओढ्यातून ड्रॅगन निघतो’ म्हणजे गरिबाच्या घरी थोर माणूस निपजतो, ही जुनी आशा. शिकवण्यांवर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या आजच्या समाजात तरुण उघड म्हणतात की ओढ्यातून आता ड्रॅगन निघत नाहीत, आणि वर्तमानपत्रं तोच वाद चालवतात. कोंबडीच्या म्हणीला बायकांनी केव्हाच उत्तर दिलं, की कोंबडी आरवते ती अंडं घातलं म्हणून. हे उत्तर बोलण्यापुरतं राहिलं नाही. कुटुंबाचा प्रमुख पुरुषच आणि घरातल्या सगळ्यांची नोंद त्याच्या नावाखाली, अशी ‘होजू’ नावाची कायदेशीर पद्धत दक्षिण कोरियात होती. बायकांच्या संघटना ती मोडण्यासाठी अनेक दशकं झगडल्या. 2005 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती घटनेशी विसंगत ठरवली, आणि 1 जानेवारी 2008 पासून तिथे प्रत्येक बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने होते.