दुसऱ्यांदा परीक्षेला बसताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणावरून)



चिटणीसबाईंनी मला 'मुलींचे पुढचे शिक्षण' हा विषय दिला. तो फार मोठा आहे, म्हणून मी त्यातला एक कोपरा तेवढा घेते. ज्याला सगळे एमबीए म्हणतात त्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठी मुलीने प्रवेश परीक्षा दिली आणि निकाल मनासारखा लागला नाही, तर तिने पुन्हा बसावे की नाही? नगरात काय किंवा शेवगाव-पाथर्डीकडे काय, या प्रश्नावरून माय-लेकींत अबोला झालेली घरे मी पाहिली आहेत.

प्रथम निकाल वाचायला शिकले पाहिजे. ब्याऐंशी पर्सेंटाइल ऐकून आत्या म्हणते, "ब्याऐंशी टक्के म्हणजे पेढेच की!" आणि मुलगी तर आतल्या खोलीत रडत असते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. आपल्या मागे शंभरांत किती जण राहिले, त्याचा तो हिशेब. आयआयएम संस्थांच्या कॅट परीक्षेला २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले. त्यांत ब्याऐंशी पर्सेंटाइल म्हणजे पुढे सुमारे ५३ हजार जण, आणि नव्याण्णव म्हणजे पुढे २,९०० च्या आसपास. तेव्हा पेढेही नकोत आणि रडणेही नको. शिवाय तिन्ही विभागांचे गुण वेगळे मिळतात, ते आधी पाहावेत. इंग्रजी वाचनात मार खाल्ला की गणितात, हे न पाहता "तुला जमत नाही" असे म्हणणे म्हणजे ताप न मोजताच काढा देण्यासारखे आहे.

आता खरी अडचण बोलते. मुलाला गुण कमी पडले की घर म्हणते, "बसेल पुढच्या वर्षी." मुलीला पडले की तेच घर म्हणते, "प्रयत्न केलास ना? आता पुरे." लगेच कुणीतरी स्थळाची पत्रिका काढते. कॅटला वयाची अट नाही, किती वेळा बसावे याचीही नाही. घड्याळ लावतो ते आपण. २०२३ साली या परीक्षेत शंभर पर्सेंटाइल मिळवणारे चौदाही पुरुष होते. २०२४ साली चौदांत एक स्त्री आली. दुसरी संधी कुणाला मिळते, याचा या आकड्यांशी काहीच संबंध नसेल, असे मला तरी वाटत नाही. उलट संस्थांना मुली हव्या आहेत. कित्येक आयआयएम निवडीत त्यांना काही अधिक गुण देतात, आणि कोझिकोडच्या संस्थेत २०१३ साली दाखल झालेल्या वर्गात निम्म्याहून अधिक विद्यार्थिनी होत्या.

मुलीच्या जातीला व्यवस्थापन कशाला, असे कुणी विचारील. सिंथिया फरारबाई १८३९ पासून आपल्याच नगरात मुलींना शिकवीत होत्या, तेव्हाही असेच विचारणारे पुष्कळ असतील. आणि ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, तिथे कारभार म्हणजे काय हे समजावून सांगावे लागू नये.

पुन्हा बसायचे तर निराळ्या रीतीने बसावे. तीच पुस्तके तशीच पुन्हा वाचली तर निकालही तसाच लागणार. कॅटमध्ये बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण कापला जातो. एकीने असे चाळीस प्रश्न सोडवले, पंधरा चुकले. हाती आले साठ. दुसरीने अठ्ठावीसच सोडवले, पाच चुकले. हाती आले चौसष्ट. कोणता प्रश्न सोडून द्यावा हे कळणे हीसुद्धा विद्याच. भाजी निवडताना आपण नाही का, किडलेली जुडी मुकाट्याने बाजूला ठेवीत? आपल्या राज्याच्या सीईटीची रीत मात्र उलटी. दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटे, म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट. आणि चुकल्यास गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलीला या दोन सवयी वेगळ्या लावाव्या लागतात, आणि पहिल्या खेपेस बहुतेकींची गफलत होते ती इथेच. ही सीईटी २०२६ पासून वर्षातून दोनदा घेण्याचे सरकारने २०२५ साली जाहीर केले. सरकारला दुसरी खेप मान्य झाली, तर आपल्याला का होऊ नये?

सराव परीक्षा द्यावी, पण ती देऊन झाल्यावर जितका वेळ ती दिली तितकाच वेळ चुका तपासण्यात घालवावा. चुकांची एक वेगळी वही करावी: आले नाही, घाईत चुकले, की प्रश्नच नीट वाचला नाही? इंग्रजीसाठी रोज एक अग्रलेख वाचावा आणि त्याचा मथितार्थ आईला मराठीत सांगावा. आईलाही दोन गोष्टी कळतील, हा वरचा नफा. वर्ष रिकामे काढणे मला पसंत नाही. एखादी नोकरी धरून अभ्यास करता येतो आणि त्या अनुभवाचा मुलाखतीत उपयोग होतो.

खर्चाचे म्हणाल, तर २०२५ साली कॅटचे शुल्क २६०० रुपये होते, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग उमेदवारांना १३००. शिकवणी वर्गाचे आकडे त्याहून कितीतरी मोठे, पण वर्ग लावल्यावाचून परीक्षा देताच येत नाही असे मुळीच नाही. शांत जागा मात्र हवी, आणि दोन खोल्यांच्या घरात तीच मिळत नाही. आपल्या मंडळाची मागची खोली दुपारी दोन ते पाच रिकामी असते. तिथे एक टेबल, चार खुर्च्या आणि एक पंखा आहे. तिची किल्ली कुणाकडे असते, एवढे अध्यक्षबाईंनी आज इथेच सांगावे.