सीमाभागाच्या आमदाराची कारकीर्द
(सीमावासीयांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी आम्ही मुद्दाम एक अप्रिय विषय निवडला आहे. सीमाभागातून निवडून जाणाऱ्या आमदाराने करावयाचे काय, आणि त्याच्या कारकिर्दीचे मोजमाप आपण कोणत्या मापाने घ्यावयाचे?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि चंदगड तालुका वगळता सारा बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढच्याच वर्षी निवडणूक झाली व बेळगाव शहराने बा. रं. सुंठणकर यांना बंगळूरच्या विधानसभेत धाडले. ज्या सभागृहाच्या अमलाखालून बाहेर पडावयाचे, त्याच सभागृहात शपथ घेऊन बसावयाचे, असे हे विलक्षण पद आहे. तेव्हापासून समितीच्या प्रत्येक आमदाराला पाच वर्षांच्या अखेरीस एकच प्रश्न विचारला जातो : विलीनीकरण आणलेत का? आमच्या मते हा प्रश्न भलत्याच दारात उभा राहून विचारला जात आहे.

राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावयाचे एवढेच. ते मत संसदेवर बंधनकारक नाही. द्वैभाषिक मुंबई राज्याच्या निर्मितीविरुद्ध बाबुलाल पराते सर्वोच्च न्यायालयात गेले होते, तेव्हा १९५९ मध्ये न्यायालयाने हेच सांगितले. जे सबंध विधानसभेच्या हाती नाही, ते तिच्यातील दोन-चार आमदारांच्या हाती कोठून असणार? तथापि याच कलमाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावयास हवी. सीमा बदलून मागणे हा द्रोह नव्हे; ती घटनेनेच आखून दिलेली वाट आहे. आंध्र आणि मद्रास यांची सीमा ह. वि. पाटसकर यांच्या निवाड्यावरून बदलली, तीही १९५९ च्या संसदीय कायद्यानेच, आणि खेडे हा घटक धरून. आपण याहून निराळे काही मागितलेले नाही.

मग आमदार हवा कशाला? प्रथम साक्षीसाठी. १९६० साली चार सदस्यांची समिती नेमली गेली, तिच्यात एकमत झाले नाही. १९६६ साली महाजन आयोग आला आणि पुढच्या वर्षी बेळगाव म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस करून मोकळा झाला. २००४ साली महाराष्ट्राने ८६५ गावांवरील हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या साऱ्या काळात येथील लोकांची इच्छा काय, असे कोणी विचारले तर दाखविण्याजोगा पुरावा एकच होता, तो मतपेटीतला. परंतु केवळ साक्षीदार म्हणून पाच वर्षे बाकावर बसून राहणे ही कारकीर्द नव्हे.

आता कलम २१० पाहा. विधानसभेचे कामकाज राज्यभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. यांपैकी कोणत्याही भाषेत ज्या सदस्यास आपले म्हणणे पुरेसे मांडता येत नाही, त्यास अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. यात एक गंमत आहे. आपण हौसेने इंग्रजी जाणणारा वकील निवडून धाडावा, तर मराठीत बोलण्यासाठी त्याला स्वतःचे अज्ञान सिद्ध करावे लागणार! त्यापेक्षा खानापूरच्या रानातला, मराठीवाचून दुसरी भाषा न येणारा शेतकरी या परंतुकाचा खरा हक्कदार. असो.

खरे काम प्रश्नोत्तरांच्या तासाला आहे. आपल्या भाषिक हक्कांपैकी थोडेच कायद्याच्या कलमांत आहेत. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ व ३५०-ब ही कलमे आली. पहिल्यात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची अपेक्षा आहे, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला. कलम ३५० प्रमाणे आपले गाऱ्हाणे मराठीत लिहून देता येते. परंतु ज्यांच्याशी रोजचा संबंध येतो ते संकेत कायद्याचे नव्हेत, सरकारांनी आपसांत मान्य केलेले आहेत. शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले असली तर मातृभाषेतून शिकविण्याची सोय करावी, हे १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले. अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के वा अधिक असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हेही असेच मान्य झालेले. अशा संकेतांच्या जोरावर न्यायालयात उभे राहणे कठीण. तेथे मंत्र्यालाच उभे करावे लागते.

तालुक्यात मराठी शाळा किती, शिक्षकांच्या जागा किती रिकाम्या, सातबाराचा उतारा मराठीत मिळत नसेल तर कोणत्या आदेशाने, हे लेखी विचारावे. मंत्री उत्तरले की उपप्रश्न टाकावा. ते उत्तर सभागृहाच्या नोंदीत जाते. मोर्चातील घोषणा वाऱ्यावर जाते. मंत्र्याने दिलेला आकडा आयुक्तांपुढे ठेवता येतो, न्यायालयात दाखविता येतो. ज्या आमदाराने असे प्रश्न विचारले त्याची कारकीर्द आम्ही सफल मानू, मग विलीनीकरण त्याच्या हयातीत होवो वा न होवो. ज्याने केवळ १ नोव्हेंबरला काळी पट्टी बांधली, त्याच्याविषयी आम्हांस तसे म्हणता येत नाही.

स्थानिक सभागृहांचे बळ किती असते, हे २००५ साली दिसले. बेळगाव महापालिकेने विलीनीकरणाचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले आणि नोव्हेंबरात महापालिकाच बरखास्त झाली. एका कागदी ठरावाला सरकार इतके भ्याले! लगेच २००६ साली विधानसभेचे अधिवेशन बेळगावात भरविले गेले, २०१२ साली सुवर्ण विधानसौध उभे राहिले आणि २०१४ साली शहराचे नावही बदलले. सभागृह आपल्या दाराशी आले. आणि आत आपले कोण होते? २०१३ साली समितीचे दोन आमदार निवडून आले होते, एक बेळगाव दक्षिणमधून, एक खानापूरमधून. २०१८ साली एकही नाही. २०२३ सालीही नाही. २०२१ च्या महापालिका निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या.

याचे खापर केवळ सरकारवर फोडता येणार नाही. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत उचगाव व बागेवाडी हे मतदारसंघ गेले, हे खरे. परंतु २०१८ साली समितीचे दोन गट एकमेकांविरुद्ध उमेदवार घेऊन उभे राहिले, ते कोणा आयोगाच्या सांगण्यावरून नव्हे. शिवाय १९५६ नंतर जन्मलेल्या पिढ्यांना रस्ता हवा, नोकरी हवी; राष्ट्रीय पक्षाचा मराठी उमेदवार ती देऊ म्हणतो, आणि ते ऐकणाऱ्या तरुणाला गद्दार म्हणणे आम्हांस मुळीच मान्य नाही. त्याला उत्तर द्यावयाचे तर त्याच्या मराठी शाळेतील रिकाम्या जागेबद्दल सभागृहात कोणी विचारले, हे दाखवावे लागेल. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला लाखावर मते पडली. माणसे गेलेली नाहीत. ती थांबून पाहत आहेत.

विधानसभेची पुढील निवडणूक २०२८ साली अपेक्षित आहे. एका मतदारसंघात एकच उमेदवार, ही अट प्रत्येक गल्लीने आतापासून घालावी. आणि उमेदवार मत मागण्यास आला की त्याच्या हाती हार देण्यापूर्वी एक कागद द्यावा : आपल्या प्रभागातील मराठी शाळांची नावे, प्रत्येकीचा पट, शिक्षकांच्या मंजूर जागा आणि भरलेल्या जागा. ही माहिती गोळा करण्यास आमदार लागत नाही. शाळा भरलेली असेल अशा कोणत्याही सकाळी दोन माणसांनी फेरी मारली तरी पुरे.