शील हे झडतीतून येत नाही
(मंडळाच्या अभ्यासिकेच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 

आजचा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. गेल्या बैठकीत काही पालकांनी सूचना केली की अभ्यासिकेत येणाऱ्या प्रत्येक मुलाचे दप्तर दारात तपासावे आणि वर्षातून दोनदा सर्वांच्या लघवीची चाचणी करून कोण नशा करतो ते शोधून काढावे. अभ्यासिकेच्या मागच्या भिंतीपाशी गुटख्याच्या पुड्या आणि व्हाइटनरच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या, त्यानंतरची ही सूचना. एक माउली तर म्हणाली, "माझ्या पोराचे खिसे रोज तपासा, पण त्याला वाचवा." तिच्या या बोलण्यामागची काळजी आम्ही जाणतो. म्हणूनच हा प्रश्न टाळून चालणार नाही.

हा प्रयोग अमेरिकेतील शाळांनी मोठ्या प्रमाणावर केला आणि त्याचा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो इतिहास आपण समजून घेतला पाहिजे.

१९८० साली न्यू जर्सी राज्यातील एका हायस्कूलमध्ये १४ वर्षांची एक विद्यार्थिनी स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना आढळली. उपमुख्याध्यापकांनी तिची पर्स उघडली. त्यात सिगारेटी, मग गांजा आणि पैसे देणे असलेल्या मुलांची यादी निघाली. १९८५ साली न्यायालयाने निकाल दिला की झडतीपासून संरक्षण देणारी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती शाळेलाही लागू आहे. मात्र शिक्षकांना पोलिसांसारखे वॉरंट लागत नाही. संशयाला सबळ कारण असावे आणि झडती त्या कारणापुरतीच असावी, एवढे पुरे. हा नियम समंजस होता, कारण त्यात एका विशिष्ट मुलीविषयी एक विशिष्ट कारण होते.

पुढे ते कारणच गळून पडले. ओरेगॉन राज्यातील व्हर्नोनिया या लहान गावाच्या शाळांनी १९८९ साली ठरवले की खेळाडूंच्या लघवीची चाचणी करायची, मग त्यांच्यावर संशय असो वा नसो. सातवीतल्या एका मुलाला फुटबॉल खेळायचा होता. आईवडिलांनी संमतीपत्रावर सही केली नाही, म्हणून त्याला संघात घेतले नाही. १९९५ साली न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. २००२ साली ओक्लाहोमातील टेकम्सेच्या प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी हीच मुभा गायनवृंद, वाद्यवृंद, प्रश्नमंजूषा अशा सर्व स्पर्धात्मक उपक्रमांतील मुलांपर्यंत वाढवली गेली. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मत नोंदवताना दाखवून दिले की अशा उपक्रमांत रमणारी मुलेच नशेपासून सर्वांत दूर असतात. म्हणजे तपासणी होते ती त्यांचीच! आणि ज्याचे पाऊल घसरू लागले आहे, तो मुलगा चाचणीच्या भीतीने मैदानाकडे आणि गाण्याकडे पाठ फिरवतो.

झडती कुठवर जाते, हेही पाहा. २००३ साली ॲरिझोना राज्यातील सॅफर्ड येथे १३ वर्षांच्या एका मुलीकडे दुखण्यावरच्या गोळ्या असल्याची चहाडी दुसऱ्या मुलीने केली. दप्तरात काही सापडले नाही. तेव्हा तिचे कपडे उतरवून अंतर्वस्त्रांपर्यंत तपासणी झाली. गोळी एकही मिळाली नाही. ही झडती घटनाबाह्य होती, असा निर्णय न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने दिला, पण तो २००९ साली. त्या मुलीच्या वयाची सहा वर्षे मध्ये निघून गेली होती.

एवढे करून नशा कमी झाली काय? मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ७२२ शाळांतील सुमारे ७६,००० विद्यार्थ्यांची माहिती तपासून २००३ साली निष्कर्ष मांडला की चाचणी करणाऱ्या आणि न करणाऱ्या शाळांतील नशेच्या प्रमाणात फरक आढळत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही शाळांतील अशा चाचण्यांना पाठिंबा दिलेला नाही.

मित्रहो, चाचणीचे शास्त्रही समजून घ्या. पहिली स्वस्त चाचणी केवळ अंदाज देते. खात्रीसाठी प्रयोगशाळेतील दुसरी, महागडी चाचणी लागते. अनारशाला लावलेल्या खसखशीमुळे किंवा खोकल्याच्या काही औषधांमुळेही अफूचा अंश दिसू शकतो. उलट आपल्या वस्तीत खरे जे चालते, ते गुटखा, तंबाखू, व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन, त्यांतले काहीच या नेहमीच्या चाचणीत दिसत नाही. दिल्लीच्या एम्स संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. मुलांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असलेला हा एकच प्रकार! मग पैसे खर्च करून आपण कोणती नशा शोधणार आहोत?

आता आपल्या समाजाशी थेट संबंध असलेली गोष्ट सांगतो. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी राज्ये व अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयी जे निवेदन घटना परिषदेच्या कामासाठी सादर केले, त्यात नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारे कलम त्यांनी घातले होते. संविधानाच्या अंतिम मसुद्यात ते स्वतंत्र कलम म्हणून आले नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानेही, आपल्या संविधानात अमेरिकेसारखी तरतूद नाही, असे म्हटले. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले की खाजगीपणा हा अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे. बाबासाहेबांनी मागितलेले संरक्षण मिळायला सत्तर वर्षे लागली. ते आपणच आपल्या मुलांकडून अभ्यासिकेच्या दारात काढून घ्यावे काय?

बाबासाहेबांना हे संरक्षण का हवे वाटले असेल, ते आम्हाला आमच्या शाळेने शिकवले. वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली की गुरुजींची नजर प्रथम आमच्या बाकाकडे वळायची. सर्वांसमोर आमचे दप्तर जमिनीवर उपडे व्हायचे. कंपासपेटी दुसरीकडे सापडायची, पण आमचे दप्तर भरायला कोणी येत नसे. पुस्तके आम्हीच गोळा करायचो. सर्वांची झडती घेऊ असे म्हणतात, तेव्हा हात आधी कोणाच्या खिशात जातो, हे आपल्या पिढीला सांगावे लागत नाही.

मग धम्म काय सांगतो? पाचवे शील मद्यादी मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पण शील कोणी लादत नाही. प्रत्येक जण ते स्वतःच्या मुखाने ग्रहण करतो. तथागतांनी लहानग्या राहुलला उपदेश करताना आरशाचा दाखला दिला. आरसा ज्यासाठी असतो, त्याचसाठी मनाने आपले कर्म पाहावे. कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर ती स्वतःला किंवा दुसऱ्याला अपाय करते का, हे तपासावे. दोष दिसला तर तो जाणत्यांपुढे उघड सांगावा. ही तपासणी मूल स्वतः करते. दोष सांगितल्यावर हाकलले जाणार नाही, असा विश्वास असला तरच ते सांगते.

त्या माउलीला आमचे उत्तर असे. ताई, आम्ही डोळे मिटून बसणार नाही. एखाद्या मुलाविषयी खरोखर कारण असेल, तर त्याच्या आईवडिलांना बोलावून, दोन जबाबदार माणसांसमोर, बंद खोलीत त्याचे दप्तर पाहू. मुलगी असेल तर महिला कार्यकर्त्याच पाहतील. कपड्यांना हात लावणार नाही. काही सापडले तर आधी डॉक्टर गाठू. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या संस्थांनी उपचाराची वाट दाखवली आहे. १४४४६ हा सरकारी मदत क्रमांकही आहे. उपचार चालू असताना अभ्यासिकेतील त्या मुलाची जागा राखून ठेवू. आणि विक्रेत्याला सोडणार नाही. मुलांना अमली पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. झडती घ्यायचीच तर त्या टपरीची घ्यायला लावू. तक्रार अर्जावर पहिली सही आमची राहील.

विद्यार्थी मित्रहो, हा विश्वास आम्ही तुमच्यावर टाकतो आहोत. मित्राच्या हातात बाटली दिसली तर ती लपवू नका, आणि त्याची बदनामीही करू नका. त्याला हाताला धरून आमच्याकडे आणा. सर्वांची सरसकट झडती व चाचणी घेण्याची सूचना मंडळाने फेटाळावी आणि वरील नियम लिहून अभ्यासिकेच्या भिंतीवर लावावेत, असा आमचा आग्रह आहे.