ड्रेस्डेनमधला औरंगजेब



जर्मनीत ड्रेस्डेनला झ्विंगर बघून शेजारच्या राजवाड्यात सॅक्सनीच्या राजांचा खजिना पाहायला गेलो. काचेआड चक्क औरंगजेबाचा दरबार! डिंगलिंगर या सोनाराने १७०१ ते १७०८ या काळात घडवलेला. शंभरावर इवल्या मूर्ती, हजारो हिरे, आणि दिल्लीत बादशहाचा थाटाचा वाढदिवस. डिंगलिंगरने हिंदुस्थान पाहिलाही नव्हता, पण कारागिरी अशी की मी हरखलो.

मग सनावळी आठवली. १६८१ मध्ये दक्षिणेत उतरलेला औरंगजेब परत दिल्लीला गेलाच नाही; मराठ्यांशी लढता लढता १७०७ मध्ये नगरजवळ वारला. म्हणजे दरबार पुरा होण्याआधीच बादशहा गेलेला!

सर, तुमच्या तासाला मी मागच्या बाकावर डुलक्या घ्यायचो, आज कबूल करतो. तिथे मात्र बायकोला थांबवून सगळं सांगितलं, तुमच्यासारखेच हात मागे बांधून.