पैसा आणि सम्यक स्मृती



मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला आणि खालापूर-कर्जतच्या जमिनीस भाव चढला. हाती रोकड आली की मन हुरळते. ती सरली की भयाने ग्रासते. हे हुरळणे व हे भय तत्क्षणी ओळखणे, हीच सम्यक स्मृती होय. खर्चापूर्वी क्षणभर थांबून स्वतःस विचारा : ही गरज, की लोकलज्जा?

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थास मिळकतीचे चार भाग सांगितले : एक उपभोगास, दोन व्यवसायास, चौथा आपत्काळास.

कर्ज घेणे भागच पडले, तर सावकाराचा परवाना पाहा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमान्वये विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका. जो भानावर आहे, त्याला कोणी गहाण ठेवू शकत नाही.